पानावरून उठलेले काका आणि निसर्ग वादळाचा हिशोब

पत्र:

नमस्कार, मी सहकारनगरला राहते, वय 47. सासरचं मूळ गाव दिवेआगर, तिथे सासूबाईंच्या नावावर सुपारीची वाडी आहे, 2020 च्या निसर्ग वादळात ती जवळजवळ सगळी आडवी झाली. माझे मोठे दीर रिटायर्ड इंजिनिअर आहेत, राहतात पुण्यातच पण महिन्यातून दोनदा तरी वाडीवर जातात. माझा मुलगा एसवायला आहे, एन्व्हायर्नमेंट सायन्स घेतलंय. यंदा गौरीच्या जेवणाला सगळे जमलो होतो, वाडीचा विषय निघाला आणि भाऊजी म्हणाले वादळं काय पूर्वीपासून येतातच, हे क्लायमेट चेंज वगैरे फंडिंग मिळवायचे धंदे आहेत. मुलगा चिडला, म्हणाला तुमच्यासारख्या लोकांमुळेच वाडी गेली, जन्मभर डिझेल गाड्या फिरवल्यात. भाऊजी अर्ध्या जेवणातून पानावरून उठले. तेव्हापासून त्यांचं येणं बंद, मुलगा म्हणतो मी सॉरी म्हणणार नाही कारण मी खरं बोललो. सासूबाई रोज विचारतात आज आला का तो. नवरा म्हणतो तू मध्ये पडू नकोस. दिवाळीला सगळ्यांनी मिळून दिवेआगरला जायचं ठरलं होतं ते पण बारगळलं. मला दोनच गोष्टी सांगा, नक्की बरोबर कोण आहे आणि हे मिटवू कसं?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला त्या एकाच वाक्यापाशी अडकले, भाऊजी पानावरून उठले. गौरीच्या दिवशी घरातलं मोठं माणूस भरल्या पानावरून उठून जातं तेव्हा स्वयंपाकघरातल्या बाईच्या जिवाचं काय होतं ते मला माहितीये, त्यामुळे मला तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. पण पहिल्याचं उत्तर नीट दिल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येणार नाही, कारण तुमच्या घरातली ही दोघंही वाचणारी, विचार करणारी माणसं आहेत, नुसतं "सोडा हो, सणासुदीला काय हे" म्हणून ती गप्प बसतील पण मिटणार काहीच नाही.

तर सरळ सांगते. मुख्य मुद्द्यात मुलगा बरोबर आहे. पृथ्वी तापतेय, आणि आपण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळतो म्हणून तापतेय, यात आता शास्त्रज्ञांमध्ये वाद उरलेला नाही, आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाच्या, 2021 च्या रिपोर्टने त्यासाठी "निःसंशय" या अर्थाचाच शब्द वापरलाय. आणि तापलेल्या समुद्रावर वादळांना जास्त बळ मिळतं हेही खरं. पण "क्लायमेट चेंजमुळे वादळ आलं" हे वाक्य मात्र जसंच्या तसं बरोबर नाही आणि तिथे भाऊजींचं म्हणणं खोडून काढता येणार नाही. वादळं पूर्वीपासून येतातच. 1948 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईला वादळाने झोडपलं होतं, 2009 च्या नोव्हेंबरमध्ये फयान आलं ते तर भाऊजींना स्वतःला आठवत असेल. अहो, आपलं हवामान खातं 1875 ला निघालं त्यामागच्या कारणांमध्येसुद्धा 1864 चं कलकत्त्याचं भयंकर वादळ होतं. त्या खात्याचं मुख्य ऑफिस 1928 ला सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून आपण शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतो. तेव्हा कुठे होता एवढा धूर? म्हणजे वादळ हा प्रकार माणसाने तयार केलेला नाही.

मग दोघं बरोबर कसे? मला हे दुधावरून समजतं. दूध उतू गेलं की घरात पहिला प्रश्न काय, कोणी घालवलं. आता बघा, दूध तापवलं तर ते वर येणारच, तो त्याचा गुण आहे. पण गॅस मोठा ठेवला असेल तर ते झपकन येतं आणि जास्त सांडतं. पातेलं लहान असेल तर अजून सांडतं. आणि जवळ कोणी उभंच नसेल तर सगळं ओट्यावर. भाऊजी सांगतायत दूध वर येतंच, मुलगा सांगतोय गॅस मोठा झालाय, आणि पातेल्याबद्दल आणि ओट्याजवळ उभं राहण्याबद्दल दोघंही बोलत नाहीयेत. त्याच्यावर मी नंतर येते कारण माझं स्वतःचं दुखणं तिथे आहे.

आधी गॅस मोठा झालाय म्हणजे काय ते. चक्रीवादळाला समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस डिग्रीच्या वर लागतं, त्या गरम पाण्याची वाफ वर जाते, वर तिचं पाणी होताना उष्णता सुटते आणि त्या उष्णतेवर वादळ चालतं. समुद्र जेवढा गरम तेवढं त्याला जास्त खाद्य. आणि हवा 1 डिग्रीने तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे पाऊस पडायचा तेव्हा पडायला माल जास्त असतो. हे फिजिक्स आहे, भाऊजी इंजिनिअर आहेत, त्यांनी स्टीमची टेबलं वापरली असतील, त्यांना हे मुलापेक्षा लवकर कळेल. उलट मला वाटतं मुलाने त्यांना पर्यावरणाचं भाषण देण्याऐवजी हा एक प्रश्न विचारला असता की काका, पाणी एक-दीड डिग्रीने गरम झालं तर वाफेचं काय होतं, तर भाऊजींनी स्वतःच कागद ओढून आकडेमोड केली असती.

आता आपल्या अरबी समुद्राचं. पूर्वी वादळं म्हटलं की बंगालचा उपसागर, ओरिसा, आंध्र, आपली बाजू त्यामानाने शांत, तिकडे चार झाली तर इकडे एक असं साधारण प्रमाण. अरबी समुद्र जरा थंड असायचा. तो गेल्या काही दशकांत 1.2 ते 1.4 डिग्रीने तापलाय. पाषाणला आपली आयआयटीएम आहे ना, उष्णदेशीय हवामानावर काम करणारी संस्था, तिथल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये एक अभ्यास छापला, 1982 ते 2000 आणि 2001 ते 2019 असे दोन काळ शेजारी ठेवून. दुसऱ्या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढलेली दिसली, त्यातल्या अतितीव्र वादळांची 150 टक्क्यांनी, आणि बंगालच्या उपसागरात मात्र किंचित घट, 8 टक्के. 2019 या एकाच वर्षात अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच वादळं झाली, त्यातलं क्यार तर सुपर सायक्लोन होतं, त्याआधीचं तसं 2007 चं गोनू. मग 2020 ला निसर्ग, 2021 च्या मे मध्ये तौक्ते. हे सहकारनगरपासून गाडीने अर्ध्या तासावर बसलेल्या लोकांनी केलेलं काम आहे हो, कुठल्या परदेशी फंडिंगवाल्यांनी आपल्यावर लादलेलं नाही, हे भाऊजींना सांगा पण वादात नको, चहा पिताना सांगा.

मुलालाही दोन गोष्टी सांगायच्यात आणि त्या त्याने मनावर घ्याव्यात असं मला वाटतं, कारण त्याने हा विषय आयुष्यासाठी निवडलाय. एक, अडतीस-एकोणचाळीस वर्षांचा हिशोब हा हवामानाच्या दृष्टीने लहान असतो. सॅटेलाइट यायच्या आधी समुद्रात मधल्यामध्ये येऊन विरून गेलेली वादळं कोणाला दिसलीच नसतील, त्यामुळे फार मागचं मोजता येत नाही. 2019 ला पाच वादळं झाली त्यात हिंदी महासागराच्या एका नैसर्गिक झोक्याचाही मोठा हात होता, आयओडी म्हणतात त्याला, पश्चिमेचं पाणी त्या वर्षी नेहमीपेक्षा गरम आणि पूर्वेचं थंड होतं. दुसरं, सगळ्या जगात मिळून वादळांची एकूण संख्या वाढतेय असं आयपीसीसीसुद्धा म्हणत नाही. ती म्हणते की जी येतात त्यात जोरदार वादळांचा वाटा गेल्या चाळीसेक वर्षांत वाढला असण्याची दाट शक्यता आहे, त्यांच्याबरोबरचा पाऊस वाढलाय, आणि समुद्राची पातळी 1901 पासून सरासरी 20 सेंटिमीटरने वर आल्यामुळे वादळात पाणी जास्त आत घुसतं. तर भाऊजी जेव्हा म्हणतात की जगात वादळं वाढलेली नाहीत तेव्हा ते चुकीचं वाचून आलेले नाहीत, अर्धं वाचून आलेत. हा फरक मुलाने ओळखायला शिकलं पाहिजे.

मग एखाद्या वादळाचा दोष द्यायचा की नाही? यासाठी आता एक वेगळं शास्त्रच उभं राहिलंय, ॲट्रिब्यूशन म्हणतात. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन नावाचा शास्त्रज्ञांचा गट 2014 पासून हेच करतो. कॉम्प्युटरवर एक आजची पृथ्वी घ्यायची आणि एक अशी पृथ्वी जिथे माणसाने एवढा कोळसा जाळलाच नाही, आणि दोन्हींत तसला पाऊस किती वेळा पडतो आणि किती पडतो हे मोजायचं. अमेरिकेत 2017 ला हार्वे वादळाने ह्यूस्टन बुडवलं, तो पाऊस तापमानवाढीमुळे साधारण 15 टक्के जास्त पडला आणि तसा पाऊस पडण्याची शक्यता तिप्पट झाली असं निघालं. आपल्याकडे 30 जुलै 2024 ला वायनाडला दरड कोसळली, त्याआधीचा तो पाऊस साधारण 10 टक्क्यांनी जास्त जोराचा झालेला असं त्यांनी काढलं. पण हेच लोक जेव्हा 2015 च्या डिसेंबरमधल्या चेन्नईच्या पुराकडे गेले तेव्हा त्यांना तापमानवाढीचा स्पष्ट हात दाखवता आला नाही, आणि त्यांनी तसं छापलं. मला ही चेन्नईची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जे लोक "नाही, इथे नाही सापडलं" असं म्हणू शकतात त्यांच्या "हो, इथे सापडलं" वर विश्वास ठेवता येतो. भाऊजींना हे सांगून बघा, फंडिंगसाठीच सगळं चाललं असतं तर चेन्नईचं असं कशाला छापलं असतं?

आणि उत्तर दहा टक्के, पंधरा टक्के असं येतं हे दोघांनीही नीट ऐकायला हवं. दहा टक्के म्हणजे थोडं वाटतं, पण डोंगर जिथपर्यंत धरून होता त्याच्या पुढचे शेवटचे दहा टक्के असतील तर घर जातं. आणि उरलेलं नव्वद टक्के पाणी तसंही पडलंच असतं, त्याची सोय करायची जबाबदारी आपली होती.

भाऊजींचे अजून तीन मुद्दे तुम्ही पत्रासोबतच्या कागदावर लिहून पाठवलेत त्यांचं पटकन सांगते. 1882 ला मुंबईत वादळाने एक लाख माणसं मेली हा व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर, तो सोडून द्या, त्या काळच्या नोंदींमध्ये असं वादळ सापडतच नाही, ते बहुतेक झालंच नव्हतं. वेधशाळेला उद्याचा पाऊस सांगता येत नाही मग पन्नास वर्षांनंतरचं काय सांगणार, हा मुद्दा पुण्यात प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतो, पण उद्या संध्याकाळी वळीव तुमच्याच गल्लीत पडेल का हे सांगणं वेगळं आणि मे महिना डिसेंबरपेक्षा गरम असणार हे सांगणं वेगळं. आणि तिसरा, की पूर्वी वादळात जास्त माणसं मरायची, तर हे अगदी खरंय, 1999 च्या ओरिसाच्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि 2013 ला तिथेच फायलिन आलं तेव्हा पन्नासही नाहीत. पण ते वादळ मऊ झालं म्हणून नाही, आधी इशारा मिळाला, लाखो लोकांना हलवलं, निवारे बांधले होते म्हणून. म्हणजे ओट्याजवळ कोणीतरी उभं होतं.

आता ते पातेल्याचं. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र तुम्हाला सांगायला नको, तुम्ही सहकारनगरच्याच. मी तेव्हा पद्मावतीच्या अलीकडे राहायचे, पहिला मजला. रात्री दहाच्या पुढे आंबिल ओढ्याचा आवाज यायला लागला, आधी मला वाटलं ट्रक जातायत, मग खिडकीतून बघितलं तर खाली पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर आपटत होत्या आणि त्यांचे हॉर्न आपोआप वाजत होते, पाण्याखालून. पुण्यात त्या रात्री 20 हून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी ओढ्याकडेच्या एका वस्तीत आम्ही काहीजणी चादरी, डबे घेऊन गेलो. एक बाई भिंतीच्या कठड्यावर मुलीची सर्टिफिकेटं वाळत घालत होती, एकेक कागद, प्रत्येकावर दगड ठेवून. दहावीचं मार्कशीट होतं, त्याची शाई पसरून निळा डाग झाला होता आणि ती तो डाग पदराने टिपत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, काय करणार हो, हे सगळं क्लायमेट चेंजमुळे होतंय. मला खरंच तसं वाटत होतं. ती म्हणाली, "ताई, ती भिंत बघा." ओढ्याच्या कडेला कोणीतरी कंपाउंड वॉल घातली होती, ओढ्याला चेपून, ती पडल्यावर अडलेलं सगळं पाणी एकदम तिच्या घरात आलं होतं. "आम्ही दोन वर्षं सांगत होतो," म्हणाली.

त्या दिवसापासून मी ते वाक्य तसं बोलत नाही. आकाशातून पाणी जास्त पडलं असेल, त्यात तापलेल्या हवेचा वाटा असेलही, पण पेशव्यांच्या काळापासून ज्याचं नाव कागदावर आहे तो ओढा आपण कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत जागोजागी अरुंद केला, आणि मी त्या बाईसमोर बसून सगळा दोष आभाळावर टाकत होते. भिंत घालणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार? तेच होर्डिंगचं. 2023 च्या एप्रिलमध्ये किवळ्याला वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळून पाच माणसं गेली, 2024 च्या मे मध्ये घाटकोपरला सतरा गेली, तिथे 40 बाय 40 फुटाची परवानगी असताना होर्डिंग 120 बाय 120 चं होतं. वारा तर आलाच होता. पण वाऱ्याने काही तो सांगाडा तिप्पट लांब-रुंद केला नव्हता. म्हणून मुलाला सांगा की सगळं क्लायमेट चेंजवर ढकललं की जवळचा दोषी सुटतो, आणि भाऊजींना सांगा की क्लायमेट चेंज नाहीच म्हटलं की लांबचा सुटतो, आणि मला दोघांपैकी एकालाही सोडायचं नाहीये.

डिझेल गाडीचं पण बोलते, कारण खरी जखम तिथे झालीये. मुलाचं ते वाक्य अन्यायाचं होतं आणि हिशोबानेही चुकीचं होतं. हवेत जो कार्बन डायऑक्साइड साठलाय तो दीडशे वर्षांचा आणि सगळ्या जगाचा, त्यात सगळ्यात मोठा वाटा अमेरिका-युरोपचा. आजही भारतातल्या माणसामागे वर्षाला साधारण 2 टन निघतो, जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आहे आणि अमेरिकेत माणसामागे चौदा-पंधरा टन. काकांच्या गाडीने वाडी पडली नाही. तेल, कोळसा जाळणं कमी झालंच पाहिजे, त्यांची पुढची गाडी वेगळी असली तर चांगलंच, पण ज्या माणसाची वाडी गेली त्यालाच वाडी पाडल्याचा आरोप करायचा, तेही त्याच्या आईसमोर, हे मला वाचतानाच लागलं.

आणि ताई, आता मला जे खरं वाटतं ते बोलते, चुकत असेन तर तुम्ही घरातल्या आहात, तुम्हाला जास्त कळेल. तुम्ही पत्रासोबतच्या त्या कागदावर शेवटी सहज लिहिलंय की लॉकडाऊन होतं म्हणून भाऊजींना ई-पास मिळायला दहा दिवस लागले, आणि तिथे गेल्यावर त्यांनी फोनवर फक्त आकडा सांगितला, तीनशे चाळीस पोफळी आणि बावीस माड, आणि फोन ठेवून दिला. जो माणूस आडवी पडलेली तीनशे चाळीस झाडं एकेक करून मोजतो त्याला वादळाबद्दल काही वाटत नाही असं होऊच शकत नाही. माड पडले की खालच्या पोफळींची सावली जाते आणि ज्या उभ्या राहिल्या त्याही उन्हाने भाजतात, हे त्यांनी पुढचे महिनेच्या महिने तिथे बघितलं असणार. मग त्यांनी परत रोपं लावली, मध्ये सावलीला केळी लावल्या. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. त्या वयात सहा-सात वर्षांचं झाड लावणारा माणूस पुढचं धरून चाललेला असतो. आणि अशा वेळी पुतण्या सांगतो की हे असंच होत राहणार, अजून वाढणार. "वादळं पूर्वीपासून येतात" या वाक्यात मला तरी एवढंच ऐकू येतं की पूर्वीसारखीच येत असतील तर माझी रोपं मोठी होतील. ते सायन्सला नाही म्हणत नाहीयेत हो, ते वाडी गेली असं मानायला नाही म्हणतायत.

हे मुलाला सांगा. दोघंच असाल तेव्हा, भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसून, कसंही, पण तुमच्या शब्दांत सांगा. आणि त्याला स्पष्ट सांगा की माफी मुद्द्याची मागायची नाहीये. मुद्दा त्याने सोडू नये, मी पण सोडणार नाही. माफी पानावरून उठवल्याची मागायची आहे आणि "तुमच्यासारख्या लोकांमुळे" याची. त्याने स्वतः काकांच्या घरी जावं, फोनवर नको, मेसेजवर तर अजिबात नको. "काका, मी त्या दिवशी बोललो ते चुकलं" एवढं म्हणून खाली वाकला की बास, पुढे "पण" लावायचं नाही. ते "पण" नंतर वाडीवर गेल्यावर.

कारण दिवाळीला दिवेआगरला जाच, ते अजिबात कॅन्सल करू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातला वादळांचा दुसरा हंगाम असतो, पहिला मे-जूनचा, मधल्या पावसाळ्यात वरचे आणि खालचे वारे वेगवेगळे वाहतात म्हणून वादळ नीट बांधलं जात नाही. तिथे गेल्यावर मुलाला आणि भाऊजींना एकच काम द्या, पुढचं वादळ आलं तर काय, हे वाडीभर फिरून लिहून काढा. यात कोणाला हरायचं नाहीये, वादळ जुन्यासारखं येवो नाहीतर वाढीव येवो, कामं तीच आहेत. घराचे पत्रे कशाने धरलेत, हुक गंजलेत का. विहिरीवरचा पंप आणि मीटर किती उंचीवर आहे. समुद्राकडच्या बाजूला वारा अडवायला काय उरलंय, सुरूची झाडं किती पडली, त्याजागी काही लावलंय का. सगळी सुपारीच ठेवायची की थोडी जायफळ-मिरी, म्हणजे एका वर्षात सगळं एकदम जाणार नाही. घराच्या पॉलिसीत वादळ आणि पुराचं कलम आहे का ते वाचा, बऱ्याच जणांना क्लेमच्या वेळी कळतं. इशारा आला की वाडीवरच्या गड्याला कुठे हलवायचं आणि फोन कोणी करायचा. भाऊजींना मापं येतात, मुलाला हवामान खात्याचे बुलेटिन वाचता येतात, दोघांना एकमेकांची गरज पडेल असं हे काम आहे.

तुमच्या यजमानांचं "मध्ये पडू नकोस" मला पटत नाही. त्यांनीच पडायला पाहिजे, भाऊ त्यांचा आहे आणि मुलगाही त्यांचा. सगळ्यांचे रुसवे तुम्ही एकटीने का काढायचे? निदान भाऊजींना दिवाळीचं बोलवणं करायला त्यांनी जावं, तुम्ही फोन करून देऊ नका.

आणि सासूबाईंना न विसरता न्या. वाडी त्यांच्या नावावर आहे, त्यांनी ती वादळाआधीची बघितलीये, आणि तुमच्या पूर्ण पत्रात वाडीबद्दल त्यांना काय वाटतं हे कोणी विचारल्याचं मला कुठे दिसलं नाही. भाऊजी आणि मुलगा कागद घेऊन फिरत असतील तेव्हा त्यांना पडवीत खुर्ची टाकून द्या आणि विचारा, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा समुद्र कुठपर्यंत होता, वाऱ्याची झाडं कुठली होती, पूर्वी वादळ आलं की घरातले काय करायचे. मुलाला ते लिहून घेऊ दे.